भट्टीत सुकवलेली सुकट

"आत्या, मशीन हाय ती! चूल न्हाय!"

"वरडू नको. दुपारी दोन भाकऱ्या हाणल्यास त्याच सुकटीबरोबर, तवा न्हाय वरडलास."

"मना काय म्हाईत ती कुठं सुकवलीस?"

मनोज आणि त्याची आत्या राहीबाई, दोघांचं हे असं जुंपलं होतं आणि मध्ये, दार सताड उघडं टाकून, मी उभी होते. कागदावर माझं नाव लांबलचक आहे. उष्णता, आर्द्रता असले जड शब्द आहेत त्यात. भिवंडीजवळच्या वळ गावात, या गाळ्यात, मला सगळे भट्टी म्हणतात. म्हणू देत. पण नुसतं तापवणं हे माझं काम नव्हे. मी विजेच्या वस्तूंना म्हातारपण आणते. बाहेर ज्याला वर्षं लागतील ते माझ्या पोटात लवकर घडतं. गरम करते, दमट करते, गार करते, पुन्हा गरम करते. टिकेल ते बाजारात जावं, मोडायचं ते माझ्यापाशीच मोडावं. जन्मभर हेच केलं. आता थकले, खरं सांगते.

माझा पत्रा अंबरनाथच्या एका वर्कशॉपात वाकवला गेला. तिथून मी मुंबईच्या एका संशोधन केंद्रात आले. तिथली माणसं हळू बोलायची. नव्या सोल्डरचा ठिपका, नव्या लेपाचा तुकडा, एखादी बॅटरी माझ्यात ठेवून काचेतून बघत बसायची. बॅटरी फुगली की त्यांना आनंद व्हायचा, का फुगली ते आता कळेल म्हणून! अशी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. धातू कुठे थकतो, प्लास्टिक कधी तडकतं, हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. ऐकत गेले, सोसत गेले, शिकले.

मग कॉम्प्युटरवाली नवी पेटी आली आणि मला व्हरांड्यात ढकललं. माझ्या दाराच्या मुठीवर लोक ओल्या छत्र्या टांगायचे. आयुष्यभर दुसऱ्यांचा गंज तपासला, तेव्हा माझा स्वतःचा सुरू झाला. कुणी पाहिलं नाही.

लिलावात मला मनोजने उचललं. त्या वर्षांत भिवंडीची वीज तासन्‌तास जायची. लूम गप्प, पंखे गप्प, आणि इमर्जन्सी दिव्यांना उदंड मागणी. आत्याच्या भातशेतीच्या जागी गाळे उभे राहिलेच होते. त्यातल्या एकात मनोज दिवे जोडायला लागला. चाचणीसाठी त्याने करिष्माला ठेवलं. पोरगी शिकलेली आणि बोलायला कमी. मला रोज पुसायची. त्या पुसण्याने मला बरं वाटायचं, तेही सांगून टाकते.

रविवारी गाळा बंद असतो, पण चाचणी चालू. किल्ली राहीबाईकडे, कारण गाळा तिचा. आगोटीला, पावसाआधी, भरून ठेवलेली तिची सुकट त्या वर्षी ओलसर पडली होती. बाहेर ऊन नाही. तिने माझं दार उघडलं, खालचे कप्पे रिकामे दिसले, वर्तमानपत्र अंथरलं आणि जवळा, खारवलेले बोंबील पसरून दार लावून घेतलं. मला विचारतंय कोण? वर दिवे, खाली मासळी, मी दोन्ही तापवलं. माझ्या पंख्याने ती खारी धूळ आणि तो दर्प सगळीकडे फिरवला. सोमवारी सकाळी ती सुकट घेऊन गेली. दुपारी करिष्माने दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. दिव्यांच्या आतलं तांबं हिरवं पडलं होतं. एकही दिवा लागेना.

"चाचणी बाद," मनोज म्हणाला. "नियमात मासे कुठं लिवलेत? करिष्मा, बाकीचा माल पास कर. टेम्पो उभा हाय."

"बाद तर आहेच, दादा. पण तांब्यावरचा लेप इतका पातळ नसता तर हे झालं नसतं. आत तार उघडी पडली, आणि चार्जिंगला लावताना कुणाचा हात लागला तर?"

"मग पुन्ना लाव. मासे न ठेवता लाव. पास होतील का न्हाय?"

होतील, हे करिष्मालाही ठाऊक होतं आणि मलाही. स्वच्छ हवेत तो स्वस्तातला लेप तग धरतो. नियम मनोजच्या बाजूला होता. तिच्या हातात पास लिहायचं पेन होतं.

"ही भट्टी पण भंगारात घालतो," मनोज म्हणाला. "वास मारतेय."

घाल बाबा. मला आता कसलंच वाईट वाटत नाही. पत्रा वितळला की निदान कुणी तापवणार नाही. माझं मागणं एवढंच: जे माझ्या डोळ्यांदेखत मोडलं, ते दुसऱ्याच्या घरात पाठवू नका. त्यासाठीच तर मी जळले. पण मला जीभ नाही.

राहीबाईला होती. ती इतका वेळ मान खाली घालून माझ्या कप्प्याला चिकटलेला एक जवळा नखाने खरवडत होती. मग विचारलं, "कुठं चाललंत रं हे दिवे?"

"अंजूरला. खाडीकडच्या दुकानांत."

अंजूरला तिची लेक दिलेली आहे.

टेम्पोवाल्याला मनोजने हातानेच रिकामा जा म्हणून सांगितलं, आणि करिष्माने पेनाला टोपण लावलं. त्याआधी राहीबाई फक्त एवढंच म्हणाली होती:

"अंजूरच्या कंच्या घरान सुकट न्हाय ता मना दाखव, त्या घरान तुजा दिवा मी सोता नेऊन टांगते."