हरेल त्याने गाव सोडायचं

लग्नाला नऊ दिवस, आणि नोकरी कुणी सोडायची ते ठरेना. तो अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये, मी पवनचक्क्यांची मेकॅनिक. मध्ये तीन तासांचा रस्ता.

माझे बाबा म्हणाले, "वाद घाला. वीज कुणाची बरी? हरेल त्याने आपलं गाव सोडायचं."

होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "मी पंच. आणि पोराची बाजू मुळीच घेणार नाही. महिन्यातून एकदा फोन करतो मेला."

मी सोफ्यावर उभी राहिले. (मला उंचावरूनच सुचतं.)

"वारा फुकट आहे!"

"समजलं," तो म्हणाला. "वारा फुकट आहे."

थांबा, हे आधी सांगायला हवं होतं. त्याच्या कंट्रोल रूममध्ये कुणी काही सांगितलं, की ऐकणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, मगच बटणाला हात. अकरा वर्षं तो हेच करतोय.

"तुमचा कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो!"

"समजलं. आमचा कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो."

बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरले.

"अरे गाढवा, तिला खोडून काढ!" सासूबाई ओरडल्या.

"समजलं. तिला खोडून..."

मी जिंकत होते! माझ्या चक्क्या, माझी शिडी, माझी टेकडी, सगळं माझंच राहणार होतं! डोकं इतकं हलकं झालं की जीभ सुटली.

"आणि वारा पडला ना, की आम्ही चक्कीखाली पत्ते कुटतो! परवा तर अख्खा दिवस!"

कुणीच हसलं नाही.

"मग परवा माझा पंखा कोण फिरवत होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

तो गालातल्या गालात हसत पंख्याकडे बघत राहिला. मी सोफ्यावरून खाली उतरले.

निकाल: त्याने काहीच खोडलं नाही, मी स्वतःलाच खोडलं, म्हणून दोघंही हरले.

"म्हणजे दोघांनीही गाव सोडायचं?" बाबांनी विचारलं.

"शर्त तीच होती ना?" सासूबाई म्हणाल्या.

आम्ही नकाशा जमिनीवर पसरला आणि डोक्याला डोकं लावून बसलो. बरोब्बर मधोमध बाबांच्या ओळखीचं एक टायरचं दुकान. वर दोन खोल्या, रिकाम्या! दीड तास त्याला, दीड तास मला. नोकऱ्या दोन्ही शाबूत!

रविवारी खोल्या बघायला गेलो. मी बटण दाबलं, दिवा लागला. आम्ही दोघं एकदमच जिन्याकडे धावलो.

"दादा, इथे वीज कुठून येते?"

टायरवाल्याने आमच्याकडे वर मान करून पाहिलं.

"खांबावरून," तो म्हणाला, आणि पुन्हा पंक्चरकडे वळला.