मीटरची जागा

पस्तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेची मीटरं वाचलेल्या माणसाला लोक निवृत्तीनंतरही मीटरकाकाच म्हणत, आणि काकांची त्याला मुळीच हरकत नव्हती. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्यांच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

त्यांची सून घरांचे नकाशे काढायची. मागच्या खोलीत संगणकावर बसून, घरूनच. नकाशा पुरा होत आला की हाक यायची, "बाबा, मीटर कुठे बसवू?" मग काका चष्मा चढवून जायचे आणि जिन्याखालची जागा हटकून नाकारायचे. "तिथे कंबरेत वाकून आकडे वाचायचे म्हणजे काय चेष्टा आहे?" बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. पण या एका हाकेपायी त्यांना आता दिवस पुरेनासा झाला होता.

पण महिन्याभरात तीनदा सकाळी वीज गेली आणि तिन्ही वेळा संगणकाच्या यूपीएसने दगा दिला. अर्धा तास टिकायची ती पेटी मिनिटभरात मान टाकायची. तिसऱ्यांदा अख्खा नकाशा गेला, तेव्हा साहेबांनी फोनवर सांगून टाकलं, पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, रोज ऑफिसात या. आणि सोमवारी दहा वाजता दुरुस्तीसाठी वीज जाणार, अशी सूचना तर आलेलीच होती.

शनिवारी काका स्क्रूड्रायव्हर घेऊन फतकल मारून बसले. यूपीएसवरचा भार कमी व्हावा म्हणून प्रिंटरची वायर काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली. वायरी हलवून पाहिल्या. सगळं घट्ट होतं. शेवटी बॅटरी पिशवीत घालून, जिथून घेतली होती त्या दुकानात नेली. बॅटरीवाल्याने ती दिवसभर चार्ज करून तपासली.

"काका, बॅटरी ठणठणीत आहे. नुसती उपाशी होती. घरी चार्जिंगला लावता ना?"

"म्हणजे काय! चोवीस तास लावलेली असते," काका फणकारले.

रविवारी संध्याकाळी त्यांनी बॅटरी बसवली आणि सुनेसमोर भिंतीवरचं बटण बंद केलं. पेटी टुक टुक करू लागली, पण संगणकाचा पडदा काही विझला नाही. सुनेने टाळ्याच वाजवल्या. काकांनी बटण पुन्हा चालू केलं आणि ती नातीला पोहण्याच्या क्लासवरून आणायला गेली.

काका खुशीत खोलीबाहेर निघाले आणि जाता जाता त्यांच्या हाताने ते बटण बंद केलं. टुक टुक.

काका जागीच थबकले. रोज संध्याकाळी सून बाहेर पडली की ते खोलीतलं एकूण एक बटण बंद करायचे आणि सकाळी ती बसायच्या आधी न चुकता चालू करायचे. संध्याकाळी बटण बंद केलं की पेटी बराच वेळ टुक टुक करायची. काकांना वाटायचं, बंद होण्याची तिची हीच रीत असावी. आवाज थांबला की ते समाधानाने फिरायला जायचे. म्हणजे रोज बॅटरी संपेपर्यंत ते वाट बघत होते! त्यांनी कपाळाला हात लावला.

गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण सून दारात आली तशी त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं, "अगं, चोर घरातच होता. मीच."

ऐकून ती हसत सुटली. "आणि मी बिचाऱ्या बॅटरीवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते!"

त्या संध्याकाळी काकांनी जन्मात पहिल्यांदा रिकाम्या खोलीतलं बटण चालू ठेवलं. हात शिवशिवत होते. तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

सोमवारी दहाला पंखा थांबला. टुक टुक सुरू झालं. काका दारातच उभे राहिले. सुनेने पडद्यावरून नजरही न काढता नकाशा साठवला, साहेबांना पाठवून दिला आणि दुसरा उघडला.

"बाबा, इथे मीटर जिन्याखाली चालेल?"

"मुळीच नाही!" काका म्हणाले आणि डोळे पुसून त्यांनी चष्मा चढवला.