बायोचा उजवा कान

सासूबाईंच्या पिंडाला कावळा शिवेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

दहावा दिवस, मिठबावची पुळण, ऊन असं की वाळूवर पाय ठेववत नव्हता. कावळे माडावर बसून होते, पण खाली एक उतरेल तर शपथ. माझे थोरले दीर, भाई, मुंबईहून आले होते आणि तेच क्रिया करत होते. त्यांनी आईला एकेक कबूल करायला सुरुवात केली. घराची कौलं बदलतो म्हणाले. दरवर्षी श्राद्धाला येतो म्हणाले. कावळे ढिम्म. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला, तेव्हा भाईंना आईची मांजर आठवली.

“आये, तुझ्या बायोक आमी बघतलाव! तिका कायेक कमी पडाचा नाय!”

एक कावळा उतरला आणि भात घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले. माडांच्या सावलीत आम्ही बायका उभ्या होतो, मीही जोडले. हे ‘आमी’ म्हणजे कोण, ते त्या उपाशीपोटी माझ्या लक्षात आलं नाही. तेराव्यानंतर भाई मुंबईला गेले आणि मांजर माझ्या पायाशी येऊन बसली, तेव्हा आलं.

तरी मी म्हटलं, मांजर ती काय, चार पायांवर फिरेल आणि पोट भरेल. मी थकले होते. सासूबाईंची उजवी बाजू लकव्याने गेली, तेव्हापासून त्या जाईपर्यंत मी घराबाहेर एक रात्र काढली नव्हती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे तर होतंच, पण त्यांना सगळ्यात जास्त लागायचं ते खाजवणं. “यशोदे, पाठ खाजय गो.” मी चुलीवर आमटी ठेवलेली असो की अंगावर पाणी घेतलेलं असो. हाक आली की जायचं. त्यांचा तरी काय दोष, डावा हात पाठीच्या उजवीकडे पोचत नव्हता. पण खोटं कशाला बोलू, कधी कधी मी मुद्दाम उशिरा जायचे.

माझं माहेर वालावलचं. माझी आई तिथे भाऊ अजय आणि संचिता वहिनीबरोबर राहते. ती प्रत्येक सणाला फोन करून विचारायची, “येतलंस मा?” मी म्हणायचे, “येतंय.” आणि जायचे नाही. लग्नकार्याला गेलेच तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत, जेवलेल्या हातावरचं पाणी वाळायच्या आत. सासूबाई गेल्यावर मला एवढंच हवं होतं. चार दिवस आईकडे राहायचं. कुणी हाक मारणार नाही अशा जागी झोपायचं.

तेवढ्यात बायो फासकीत सापडली. काजूच्या बागेत कुणीतरी रानडुकरांसाठी तारेचा फास लावला होता, त्यात तिचा मागचा उजवा पाय गेला. माझे यजमान सत्यवान तिला कापडात गुंडाळून कसालला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. पाय काढावा लागला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं! डॉक्टर भला माणूस. म्हणाला, “काही काळजी करू नका, मांजरं तीन पायांवर मस्त जगतात.”

जगतात, खरं आहे. जखम भरली तशी ती टुणटुण पळायला लागली. पण उजवा कान खाजवायचा तर मांजराला मागचा उजवा पाय लागतो, हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं. बायो बसायची, मान वाकडी करायची, आणि नसलेल्या पायाचा तो खुंट भराभरा हलायचा. हवेत. कानाला काही लागायचं नाही. मग ती तोल जाऊन कलंडायची आणि माझ्याकडे बघायची.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी खांबाला धरून खाली बसले. मला दया आली नाही, राग आला. देवाने उजवीकडचं सगळं माझ्याच कपाळी लिहिलंय का, असं वाटलं. मग उठले आणि कान खाजवला.

पुढे तेच. दिवसातून कितीदा, ते मोजत नाही कुणी. बोका दगडी गडग्यावर येऊन तिला मारायचा, त्याला हाकलायचं. तिला ओट्यावर चढता यायचं नाही, तिला उचलायचं. बांगड्याचा काटा काढून द्यायचा, कारण सासूबाईंनी ती सवय लावून ठेवलेली. आणि कान. भाई अधूनमधून फोन करून सांगायचे, “तिका जरा हळदीचा दूध देवा.” उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

एकदा धीर करून वालावलला निघाले. सत्यवानला बजावलं. ते म्हणाले, “तू जा गो, मी आसंय मा.” मी मनात राहायच्याच तयारीने गेले होते, पिशवीत दुसरं लुगडं घेऊन. आईने माझ्यासाठी गादी उन्हात घातली होती. दुपारी जेवण होतंय तोवर सत्यवानचा फोन, “बायोच्या कानातसून रगात येता.” हे गेले होते बागेत, आणि तिने चिऱ्याच्या भिंतीवर कान घासून घासून सोलून घेतला होता. मी मिळेल ती गाडी पकडून परत आले. आईने गादी उचलून आत ठेवली, तेवढं निघताना दिसलं.

मग वर्षश्राद्ध आलं. भाई आले, शब्दाला जागले म्हणायचे. कौलं मात्र तशीच होती. पुरणावरणाचा स्वयंपाक मी केला. कावळ्यासाठी पानावर वाडी वाढून भाईंनी ती घरामागच्या परड्यात ठेवली आणि “का, का” करून ओरडायला लागले. कावळा येईना. आत पानं वाढलेली, भटजी भुकेले. माझी कंबर मोडून आली होती. बायो माझ्या पायाशी बसून हवेत खुंट हलवत होती.

मी तिला उचललं, काखोटीला मारलं आणि बाहेर गेले.

“भाई, आये बायोची चवकशी करता. म्हणान कावळो येना नाय.”

“मगे? तू बघतंस मा तिका?”

“शबूद तुम्ही दिलेलो. माका कोणी इचारल्यानी नाय.”

भाई हसले. मग माझ्याकडे बघून थांबले. “माझ्या सोसायटीत माजर चालणा नाय गो,” म्हणाले.

“सोसायटीत नेवा नको. तुम्ही आता रिटायर झालास. चार दिवस हयच रवा. मी आवशीकडे जातंय.”

थोरल्या दिरासमोर मी एवढं कधी बोलले नव्हते. भाईंनी सत्यवानकडे बघितलं, सत्यवानने माडाकडे बघितलं. शेवटी भटजीच ओसरीवरून म्हणाले, “पिंडाक दिलेलो शबूद आसा, भाई. मोडूक जमाचा नाय.”

“बरा,” भाई म्हणाले. “आये, मी रवतंय.”

कावळा आला की नाही ते मी बघितलं नाही. मी पिशवी भरायला आत गेले होते.

वालावलला पोचले ती दुसऱ्या दिवशी सकाळी. आई ओसरीवर बसली होती. केवढीशी झाली होती. “किती दिवस?” तिने आधी तेच विचारलं. चार म्हटल्यावर ती स्वतः उठून गादी बाहेर काढायला लागली. ओसरीच्या लाकडी खांबावर बसल्या माणसाच्या उंचीला एक पट्टा गुळगुळीत, काळा, तेल लावल्यासारखा चमकत होता. पोरं टेकत असतील, म्हटलं.

जेवले आणि जी झोपले ती संध्याकाळी तळ्यावरचा वारा सुटेपर्यंत. कुणी हाक मारली नाही. जाग आली ती भाईंच्या फोनने.

“यशोदा, ह्या माजर नुसता पाय हलयता आणि माझ्या तोंडाक बघता. काय होया हेका?”

“उजवो कान खाजवा.”

“किती येळ?”

“ती पुरे म्हणीसर.”

फोन ठेवला आणि बाहेर आले. आई खांबाला पाठ लावून बसली होती. डोळे मिटलेले. आणि अंग हळूहळू वरखाली घासत होती. वर, खाली, त्याच गुळगुळीत पट्ट्यावर.

“आये, काय करतंस?”

“पाठ खाजता गो. हात पोचना नाय आता.”

“वयनीक सांगूचा मा.”

“ती बरी आसा बिचारी, तिका कामा थोडी आसत? आणि सुनेक किती सांगतलंय. लाज दिसता.”

मला भिंत आठवली, आणि तो सोललेला कान. एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या आईची पाठ खाजवली, मांजराचा कान खाजवला, आणि माझी आई इथे खांबाला पाठ घासत होती. मला तिथेच रडू फुटलं. आईला दिसलं नाही. तिला हल्ली लांबचं दिसत नाही.

मी तिच्या मागे जाऊन बसले. पोलक्याच्या आत हात घातला. कातडी अशी पातळ, आणि मधोमध खांबाने घट्टा पडलेला. कुठून सुरुवात करायची, नख किती लावायचं, हे माझ्या हाताला कुणी शिकवायला नको होतं.

“झोप झाली तुझी? थकलंस काय गो?” आईने विचारलं.

“नाय,” मी म्हटलं. थकले तर होतेच.

“मगे वायच वर.”

मी हात वर नेला.