बारावी खूण

सहलीच्या यादीत भिंगवाल्यांनी स्वतःच्या नावाच्या जागी मेव्हण्याचं नाव लिहिलं, तेव्हा त्यांचं पेन जराही अडखळलं नाही. बोटांच्या ठशांच्या कार्यालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला खोटेपणाच्या सगळ्या तऱ्हा ठाऊक असतात. फक्त स्वतः करायची वेळ आलेली नसते, एवढंच. शेजारी उभ्या असलेल्या बायकोने ते नाव वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं.

"म्हणजे आज दिवसभर मी माझ्याच भावाची बायको म्हणून हिंडायचं?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," भिंगवाले म्हणाले.

त्यांच्या खिशात कायम भिंग असे, म्हणून सोसायटीत त्यांना भिंगवाले म्हणत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी भिंग काही निवृत्त झालं नव्हतं. दूधवाल्याने पिशवी दिली तरी ते आधी त्याचा अंगठा बघत. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. सख्ख्या साडूला त्यांनी दोनदा वीजमंडळाचा माणूस समजून मीटर दाखवला होता. पण एकदा पाहिलेला अंगठा ते विसरत नसत.

सहलीचं कारण घरातच होतं. दोन आठवड्यांपूर्वी ताटं पुसता पुसता मुलीने सांगून टाकलं होतं, की ती एका गाइडशी लग्न करणार आहे. पडक्या नगरीची आणि कारागिरांच्या गावांची एका दिवसाची सहल असते, तिचा गाइड. भिंगवाल्यांना त्याच्या पगाराबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांचा आक्षेप धंद्याला होता. जो माणूस रोज त्याच दगडापाशी, त्याच वाक्याला गहिवरतो, त्याचा खरा गहिवर घरात ओळखायचा कसा?

"बाबा, तो खोटं बोलत नाही," मुलगी म्हणाली होती. हे वाक्य भिंगवाल्यांनी नोकरीत पुष्कळदा ऐकलं होतं. बहुतेक वेळा पकडलेल्या माणसाच्या आईकडून.

मुलीने त्याला रविवारी चहाला आणायचं म्हटलं, तर यांनी ठाम नकार दिला. चहाला येणारा माणूस इस्त्री करून येतो, कपड्यांनाही आणि जिभेलाही. माणूस बघायचा तर कामावर, आणि आपण कोण ते त्याला न कळू देता. शेवटी असं ठरलं, की शनिवारी त्यांनी त्याला बघायचं आणि घरी येऊन हो किंवा नाही सांगायचं. "नाही म्हणालात तर मी भांडणार नाही," मुलगी म्हणाली, "पण कारण सांगायचं. तुमच्या खात्यात द्यायचे तसं, पुराव्यानिशी."

भिंगवाल्यांच्या खात्याचा नियम घरात लहानथोरांना पाठ होता. दोन ठसे एकाच माणसाचे आहेत असं म्हणायचं तर बारा खुणा जुळाव्या लागत. अकरा जुळल्या तर साहेब कागद परत पाठवत. मुलगी लहान असताना बरणीतला लाडू कोणी खाल्ला याचा निकालही याच नियमाने लागे, आणि ती बोटं चाटून पुसत असल्यामुळे बहुतेकदा सुटे.

मिनीबसच्या दारात गाइड कागद घेऊन उभा होता. तिशीचा, उन्हाने रापलेला, टोपीची कड विरलेली. चढणाऱ्या प्रत्येकाला तो यादीतल्या नावाने हाक मारून जागा दाखवत होता. भिंगवाले आले तसं त्याने कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग पाण्याची बाटली पुढे केली. भिंगवाल्यांनी बाटली घेतली आणि सवयीने त्याचा अंगठा बघून घेतला. साधा, कामाचा अंगठा.

"काका, काकू, तुम्ही इथे पुढेच बसा," तो म्हणाला. "वळणावर मागे फार हिसके बसतात."

फाजील गोडवा, असं भिंगवाल्यांनी मनात नोंदवलं. खोटेपणाची खूण पहिली.

त्यांच्या पलीकडच्या सीटवर एक निवृत्त मुख्याध्यापिका वही उघडून बसल्या होत्या. गाइड बोलेल ते सगळं त्या लिहून घेत आणि मधून मधून त्यालाच प्रश्न विचारत. रस्त्याकडेच्या एका झाडाचं नाव त्यांनी विचारलं तर तो सरळ म्हणाला, माहीत नाही. हा नम्रपणा भिंगवाल्यांना बनावट वाटला. नगरीपाशी पोचल्यावर एका मोठ्या चौकोनी खड्ड्याबद्दल त्याने सांगितलं, की हे स्नानगृह होतं असं काही जाणकार म्हणतात, काही म्हणतात धान्याचं कोठार होतं, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवून मोकळा. असं करत करत खुणा सातावर गेल्या.

मग तो एका भिंतीच्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक वीट होती आणि तिच्या कडेला अंगठ्याचा ठसा. गाइडचा आवाज खाली आला.

"दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ओल्या विटेवर हा अंगठा टेकवला," तो म्हणाला. "त्याचं नाव राहिलं नाही, घर राहिलं नाही, राजाही राहिला नाही. हे एवढं राहिलं."

मुख्याध्यापिकांनी डोळे टिपले. बायकोनेही नाक ओढलं. भिंगवाल्यांनी खिशातून भिंग काढलं.

सुंदर ठसा होता. मधोमध चक्र आणि त्याला तिरपी छेदून गेलेली जुन्या जखमेची रेघ. इतका स्वच्छ ठसा त्यांना उभ्या हयातीत कोणा चोराने दिला नव्हता. हेच त्यांना खटकलं. इतक्या वर्षांच्या ऊनपावसाने भिंतीची टोकं झिजली आणि अंगठ्याच्या रेघा तेवढ्या धारदार? पण भाजलेल्या मातीचं काही सांगता येत नाही. त्यांनी संशयापुरती आठवी खूण धरली आणि भिंग खिशात टाकलं.

"आता त्या बिचाऱ्या मेलेल्याचीही चौकशी का?" बायको पुटपुटली.

पुढचं गाव विणकरांचं. बसचा हॉर्न वाजला आणि ओसरीतल्या बाईंनी माग सुरू केला, हे भिंगवाल्यांनी खिडकीतूनच पाहिलं. मागाच्या, पायाने दाबायच्या पायटीवर धूळ होती. आता कसा सापडलास, असं त्यांच्या मनात येतंय तोवर गाइड स्वतःच म्हणाला, की ताई आता गाडी आली की माग चालवतात. विकायचं कापड बहुतेक पलीकडच्या शेडमध्ये यंत्रावर होतं, कोणाला बघायचं असेल तर तेही दाखवतो. ताईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, गुडघे धरतात हो. तिघंचौघं शेड बघायलाही गेली.

भिंगवाले गेले नाहीत. ही युक्ती त्यांच्या ओळखीची होती. मुरलेला चोर छोटी चोरी आपण होऊन कबूल करतो, म्हणजे मोठीबद्दल कोणी विचारत नाही. त्यांच्या हिशेबी हा प्रामाणिकपणा दोन खुणांचा होता. आणखी एक त्यांनी शेडमधून परत येताना गाइडने मुख्याध्यापिकांची पिशवी उचलली त्याची धरली.

अकरा झाल्या. जेवणाच्या वेळी ते इतके खुशीत होते, की बायकोने त्यांचा हात धरून नाडी बघितली.

त्यापुढचं गाव कुंभाराचं. म्हातारा कुंभार बोलायला कंजूष होता. त्याने चाकावर वाडगा उभा केला, दोऱ्याने कापला आणि काठाला अंगठा टेकवून बाजूला ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगवाले वाकले. ओल्या मातीत चक्र होतं. चक्राला छेदून गेलेली तिरपी रेघ होती.

त्यांनी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि कुंभाराला विचारलं, की कधी विटा केल्यात का? केल्या की, म्हातारा म्हणाला. पडक्या नगरीची एक भिंत ढासळली होती तेव्हा सरकारी माणसं आली होती, जुन्या पद्धतीच्या चारशे विटा पाहिजेत म्हणून. बारा-तेरा वर्षं झाली असतील. आणि अंगठा? म्हाताऱ्याने असं पाहिलं, जणू कोणी विचारलं की नाक कशाला ठेवलंय. शंभर विटा झाल्या की शंभराव्या विटेला अंगठा टेकवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. बाप करायचा, आजा करायचा. "चार अंगठे असतील तिथे," म्हातारा म्हणाला. "तीन आत गेले असतील. एक दिसत असेल तर गवंड्याची चूक."

बारा.

खात्यात बारावी खूण सापडली की भिंगवाले चष्मा डोक्यावर सारून चहा मागवत. आज त्यांनी चष्मा डोक्यावर सारला आणि त्यांना मुलगी दिसली, हातात ताट आणि फडकं घेऊन कारण ऐकायला उभी असलेली. पुरावा बिनतोड होता. चहा मागवावासा वाटला नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "पकडलात ना? मग तोंड असं का?"

त्यांनी गाइडला भट्टीच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग थांबला. त्यांना वाटलं, आता हा हात जोडेल आणि म्हणेल, काका, बसमध्ये एवढं बोलू नका. त्यासाठीचं उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं.

"तुमची खात्री किती?" गाइडने विचारलं.

"अंगठा आहे. मत नव्हे."

गाइड कुंभाराकडे गेला, त्याच्याशी बोलला, त्याचा हात उलटा करून पाहिला आणि परत आला. टोपी हातात होती. "मला आधीच्या गाइडने सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी कोणाला विचारलंच नाही. चार वर्षं मी तिथे आवाज खाली आणतोय."

बस निघाली तसा तो मध्ये उभा राहिला, माइक घेतला आणि जसं होतं तसं सांगून टाकलं. वीट जुनी नाही. अंगठा आत्ता ज्यांच्या हातचे वाडगे आपण घेतले त्यांचा आहे. आपण चुकीचं सांगत आलो. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, की त्या तिथे रडल्या होत्या, त्याचं काय? गाइडने त्यांची माफी मागितली आणि अभिप्रायाचे कागद स्वतः वाटले. तक्रारीची जागा खाली आहे, असंही दाखवलं.

"आणि हे शोधलं कोणी?" बाईंनी वही उघडली.

"पुढच्या सीटवरच्या काकांनी."

"नाव?"

गाइडने माइक खाली घेतला. "ते तेच सांगतील," तो म्हणाला.

तेव्हा भिंगवाल्यांच्या लक्षात आलं. हा सकाळपासून सगळ्यांना नावाने हाक मारत होता. त्यांना एकदाही नाही. खोटं नाव त्याने उच्चारलं नव्हतं, आणि खोटं आहे असंही कोणाला कळू दिलं नव्हतं. बायको खिडकीबाहेर पाहत होती, भावाच्या बायकोने पाहावं तशी.

भिंगवाल्यांनी घसा साफ केला आणि आपलं नाव सांगितलं. खरं, आडनावासकट.

"असं नाव हजेरीत ऐकलं नाही मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. हजेरी हा त्यांचा विषय होता.

"यादीत चूक झाली असेल," गाइड म्हणाला. "दुरुस्त करतो." आणि त्याने खिशातला कागद काढून तिथेच दुरुस्ती केली.

थांब्यावर सगळे उतरून गेले तरी भिंगवाले पायरीशी रेंगाळले. "सकाळीच ओळखलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बाटली घेतलीत आणि माझा अंगठा बघितलात. ती म्हणाली होती, बाबा आधी अंगठा बघतात."

म्हणजे झालं. भिंगवाल्यांच्या मनात चक्र पुन्हा फिरलं. सासरा होऊ घातलेला माणूस समोर बसलाय हे माहीत असताना कोणीही कबुली देईल. त्याची किंमत ती काय?

"मग बसमध्ये जे बोललास, ते मी होतो म्हणून?"

गाइडने उत्तर द्यायला इतका वेळ घेतला, की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी तुम्ही नसाल. तेव्हा त्या विटेपाशी काय सांगतो, त्यावरून कळेल."

घराकडे चालताना कोपऱ्यावर आल्यावर भिंगवाले म्हणाले, की पुढच्या शनिवारची यादी कधी लागते, ते बघायला हवं.

"मला दुसरा भाऊ नाही," बायको म्हणाली.

दार मुलीने उघडलं. वडिलांच्या चपला निघेपर्यंत तिने धीर धरला. मग विचारलं, "कितीवर थांबलात?"

भिंगवाल्यांनी बारावी खूण मनातल्या मनात एकदा उजेडात धरून पाहिली. ठसा कुंभाराचा होता. गाइडचा तिच्यावर कुठेच नव्हता.

"अकरा," ते म्हणाले.

मुलीला नियम पाठ होता. ती दाराच्या चौकटीला टेकली.

"उद्या चहाला बोलाव त्याला," भिंगवाले भिंग टेबलावर ठेवत म्हणाले. "आणि म्हणावं, इस्त्री नको."