मुक्या पेटीचा भाता

त्या रविवारी अण्णांनी मला आतल्या खोलीतून तीनदा हाक मारली.

"रत्ना, इकडं ये गो जरा. गंमत दाखवतो."

मी ओटीवर पुस्तक घेऊन बसले होते. शेवटची चाळीसेक पानं उरली होती. "नंतर अण्णा, आता वेळ नाही," मी म्हटलं.

"बरं, नंतर," ते म्हणाले आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

आई आठवडाभर कसाऱ्याला मावशीकडे गेली होती, ती संध्याकाळी परतली. आम्ही सुक्या बोंबलांचं कालवण जेवलो. अण्णांनी दोनदा भात घेतला. सोमवारी सकाळी ते दूध आणायला गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. २००६चा नोव्हेंबर होता.

अण्णा म्हणजे बाळाराम उबाळे. नोकरी कसाऱ्याला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये, आणि सुटीच्या दिवशी शहापूरच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी. निवृत्त झाले तेव्हा बोटं शाबूत होती, पण डावा खांदा धरला होता. उजव्या हाताला सूर सापडायचे, डाव्या हाताला भाता ओढवत नव्हता. मग कुणीतरी त्यांना कॉम्प्युटरमधलं वाद्य दाखवलं. नुसता एक प्रोग्रॅम, पण त्यात पेटीपासून सनईपर्यंत हवा तो आवाज घडवता येतो. अडचण एकच, माउसनं एकेक सूर टिचकावत बसावं लागतं. "ही काय पेटी वाजवनं झाली? हे तर तांदूळ निवडनं झालं," अण्णा म्हणाले. म्हणून आम्ही दोघं मुंबईला मिडी कंट्रोलर आणायला गेलो.

दुकानदारानं पंधरा प्रकार मांडले. अण्णांनी एकाच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली. "यात किती आवाज आहेत?"

"काका, यात एकही आवाज नाही. हा मुका आहे. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कुठली खुंटी फिरवली, एवढंच हा वायरीतून सांगतो. बोलतो तो कॉम्प्युटर."

"म्हंजे सिग्नलचा लिव्हर!" अण्णांचा चेहरा उजळला. "आमी केबिनमधी लिव्हर ओढायचो, हात हलायचा पाव मैलावरच्या खांबाचा."

पंचवीस पट्ट्यांचा त्यांनी बाजूला सारला, ती अर्धीच पेटी. एकसष्ट पट्ट्यांचा टेबलावर मावला नसता. एकोणपन्नासचा एक होता, आठ गोल खुंट्यांचा. "भाता कधी गोल फिरतो का?" असं दुकानदाराला विचारून त्यांनी तोही परत केला. शेवटी डाव्या अंगाला एक लांब, वर-खाली सरकणारा स्लायडर असलेला मिळाला. तो त्यांनी डोळे मिटून दहा वेळा सरकवून पाहिला. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी छताकडे.

घरी आल्यावर जोडणी. म्हणजे कुठल्या लिव्हरनं कुठला खांब हलायचा, ते ठरवणं. प्रोग्रॅममध्ये 'लर्न' नावाचं बटण होतं. ते दाबायचं, स्लायडर हलवायचा, की कॉम्प्युटर तेवढं शिकतो. अण्णांनी स्लायडरला आवाजाचा जोर जोडला. स्लायडर वर, सूर भरलेला. स्लायडर तळाशी, सगळं चिडीचूप. कॉम्प्युटर सुरू केला की दुसरं काही न दाबता पेटीच उघडावी, अशीही सोय केली.

"पण अण्णा, नवख्यानं पट्टी दाबली तर काहीच वाजणार नाही. त्याला वाटेल बिघडलंय."

"पेटीवाला असंल तर त्याचा डावा हात आपसूक भाता शोधंल. नसंल तर बसंल बोंबलत."

त्यांच्या खांद्याला लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीतला एक तुकडा कापून मी स्लायडरखाली चिकटवला आणि त्यावर निळ्या पेनानं लिहिलं: भाता.

अण्णा गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. त्या लोटलेल्या दाराकडे मला बघवेना. कॉम्प्युटर, स्पीकर, कंट्रोलर, सगळं गोणपाटात बांधून मी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला देऊन टाकलं. आईला विचारलंही नाही.

फेब्रुवारीत आईच्या लक्षणांनी मला जागं केलं. तासातासाला पाणी पीत होती, उठताना भिंत धरत होती. तांदळाच्या डब्यात हात घातला तर तिच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, अख्खीच्या अख्खी.

"हे काय आहे, आई?"

"एकवीस दिवस बंद ठेवायच्यात. बारा झाले."

"कुणी सांगितलं?"

उत्तर शेजारच्या वंदनामावशीनं दिलं. मुरबाडला नादेश्वर महाराज आले होते. त्यांच्यापाशी आदिनादाची पेटी होती. पुण्यवानाच्या हाताला ती गाते, पाप्याच्या हाताला मुकी राहते. आईच्या हाताला मुकी राहिली. अंगात गोळ्यांचं विष भिनलंय, म्हणाले. ते उतरलं की गाईल.

"आई, आपण असलं मानतो का? बावीस प्रतिज्ञा तू माझ्याकडून पाठ करून घेतल्यास."

"मी देव मानला नाय. बुवा बी मानला नाय." आई शांतपणे म्हणाली. "मी आवाज ऐकला. तुझ्या अण्णाचा आवाज. छत्तीस वर्सं ऐकला, मला कळत नाय?"

मी नोकरी करते त्या ग्रंथालयात दुसऱ्या दिवशीची रजा कळवली. मी एवढंच म्हटलं, "उद्या आपण दोघी जाऊ."

किन्हवलीमार्गे एसटीनं आम्ही मुरबाडला उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. मंडपात चारेकशे माणूस. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या काखेत कोंबडी. आदिनाद सकाळी अकराला विश्रांती घेतो आणि संध्याकाळी पाचला जागा होतो, असा फलक होता. मुरबाडचं भारनियमनही अकरा ते पाच असायचं. या योगायोगाचं कुणाला काही वाटत नव्हतं.

महाराज मध्यम वयाचे, दाढी नवी. पुढ्यात पेटी, तिच्यावर भगवी शाल. उजवीकडच्या पट्ट्या तेवढ्या उघड्या.

"बाळांनो, हा बाजारातला कॅसियो नव्हे!" महाराज माइकवरून गरजले. "कॅसियो कुणी बी वाजवतो, मांजर पण वाजवते! ही पेटी आधी माणूस वाचते. अमेरिकेच्या सायंटिस्टनी हिला मशीन लावलं. मशीन फुटलं! सायंटिस्ट रडत बसला!"

"हो, हो!" मंडप म्हणाला, जणू सगळे त्या सायंटिस्टला रडताना बघून आले होते.

महाराजांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर ठेवलं, डावा हात शालीखाली घातला. आणि मोठ्या स्पीकरमधून अण्णा म्हणाले, "आऽऽऽ"

आई खरं बोलत होती. तो अण्णांचाच आवाज होता. सुराआधी नाकानं ओढलेला श्वाससुद्धा त्यांचाच. मी आईचा दंड धरला तो तिला आधार द्यायला नव्हे. दोन-तीन मिनिटं मी, इतकी पुस्तकं वाचलेली बाई, काहीही मानायला तयार होते.

मला परत आणलं ते त्यांच्या खाकरण्यानं. महाराज पंचमावर आले की अण्णा सुराआधी हलकेच खाकरायचे. पुन्हा पंचम, पुन्हा खाकरणं. तेच, तेवढंच, तिथंच. जिवंत माणूस दोनदा एकसारखा खाकरत नाही, आणि मेलेला तर मुळीच खाकरत नाही. एकसारखं खाकरतं फक्त रेकॉर्डिंग. म्हणजे आई कसाऱ्याला होती त्या आठवड्यात पंखा बंद करून, दार लोटून अण्णांनी पेटीच्या आवाजाच्या जागी एकेक सूर स्वतःच्या गळ्यानं भरला होता. ती गंमत. ती मला दाखवायची होती.

मी महाराजांच्या डाव्या हाताकडे बघायला लागले. भक्त पुढे आला की शालीखालचा हात जरासा मागे यायचा, आणि पेटी मुकी. "पाप!" मंडप ओरडायचा. महाराज मंत्र म्हणायचे, हात जरासा पुढे जायचा, आणि पेटी गायची. "सुटला!" मंडप ओरडायचा.

माझी पाळी आली. मी पट्टी दाबली. शांतता.

"पाप!"

"काय काम करतेस, बाई?" महाराजांनी विचारलं.

"ग्रंथालयात असते."

"बघा! पुस्तकं चाळून चाळून हातांना शाईचा विटाळ झालाय!"

मंडप हसला. मी दोन्ही हात जोडले. "महाराज, मग दोन्ही हातांनी आशीर्वाद द्या. एका हातानं माझं भागणार नाही."

महाराज थबकले. "डावा हात नादाचं मूळ धरून असतो."

"घडीभर सोडा की! लेकरू मागतंय," मागून एक म्हातारी ओरडली. तिचं नाव बारकी, डोंगराकडच्या पाड्यावरची. काखेत तांबडी कोंबडी. "द्या की दोन हात! काय कमी होतंय का?"

चारशे माणसांपुढे नाही म्हणता येईना. महाराजांनी डावा हात बाहेर काढला आणि दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर टेकवले. मी वाकले. जन्मात कुठल्या बुवापुढे वाकले नव्हते, तेव्हाही बुवापुढे नाहीच वाकले. वाकल्या वाकल्या मी डावा हात शालीखाली सारला, स्लायडर वर ढकलला आणि उजव्या हातानं पट्टी दाबली.

"आऽऽऽ" अण्णा म्हणाले.

महाराजांचे हात अजून माझ्या डोक्यावरच होते, त्यांना काढायचंही सुचेना. मी शाल ओढली. स्लायडरखाली पांढऱ्या पट्टीवर निळी अक्षरं होती. माझीच.

"कुणी वाचणार का?"

गर्दीतून देवजीबुवा पुढे आले, भजनात पेटी धरणारे. त्यांनी पट्टी वाचली, स्लायडर मागेपुढे केला आणि कपाळावर हात मारून घेतला. "आरं, ह्यो तर भाता! भाता बंद ठिऊन पेटी कुनाची वाजंल? माज्या बापाची बी नाय वाजायची!" मंचाखालच्या फडक्याआड एक निळी वायर जात होती. देवजीबुवांनी फडकं वर केलं. तिथे आमच्या घरचा कॉम्प्युटर बसला होता, पंखा गरगरवत.

मी आईला वर बोलावलं. तिचा डावा हात स्लायडरवर ठेवला. "ढकल." तिनं ढकलला. "आता दाब." विष भिनलेल्या त्या हातानं आईनं पट्टी दाबली आणि पेटी गायली. मग चांगो नावाचा एक जण आला, सकाळीच पिऊन आलेला. त्याच्याही हाताला गायली.

"माजी कोंबडी वाजवते का बघा गो!" बारकीआजी म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत तिनं कोंबडी पट्ट्यांवर सोडली. कोंबडी घाबरून खालपासून वरपर्यंत धावली, आणि अण्णांनी उभ्या आयुष्यात घेतली नसेल अशी तान घेतली. मधे पंचमावर खाकरलेही.

मी आईकडे बघायचं धाडस केलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

"पुण्यवान कोंबडी!" कुणीतरी ओरडलं. "आता कापू नका तिला!"

महाराज मंचाच्या कडेला बसले होते. मूळ नाव कोंडू, धंदा लग्नात लाउडस्पीकर लावण्याचा. लोक अंगावर धावून जायला लागले तेव्हा मीच मधे उभी राहिले.

"मला तरी काय म्हाईत," कोंडू म्हणाला. "दुरुस्तीवाल्याकडून आनली. दोन दिवस मलाच वाजंना. मंग कोपर लागला आन् एकदम गाया लागली. मला वाटलं, दोन दिवस मीच पापी होतो."

"आणि माझ्या आईच्या गोळ्या?"

त्यानं मान खाली घातली. "येकवीस दिवस म्हनलं की मानूस परत येतो, बाई. गोळीचं मी जास्तीचं बोललो."

मी माइक घेतला. भाषण मला येत नाही, म्हणून थोडंच बोलले.

"हा आवाज माझ्या वडिलांचा आहे, ते खरं आहे. पण ते इथं नाहीत. हयात असताना त्यांनी आठवडाभर खपून हे करून ठेवलं. याला चमत्कार म्हटलंत तर त्यांची मेहनत कोंडूच्या नावावर जाते. कुठलाही चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी दाखवणाऱ्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते बघा. वायर कुठे जाते ते बघा. समजलं नाही तर विचारा. आणि डॉक्टरची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका."

अकरा वाजले. वीज गेली, आदिनाद विश्रांतीला गेला. आईनं पिशवीतलं पाणी काढलं, माझ्यापुढे हात केला. मी आणलेली गोळी तिच्या तळव्यावर ठेवली. तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. साखर खूप चढली होती, पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोंडू स्वतः जीपमधून सगळं घेऊन शहापूरला आला. वायरी त्यानंच जोडल्या. आईनं त्याला चहा दिला, आणि दाढी काढ म्हणून बजावलं.

तो गेल्यावर मी आतल्या खोलीत बसले. डाव्या हातानं भाता वर केला आणि सा पासून वरच्या सा पर्यंत एकेक पट्टी दाबली. पंचमावर अण्णा खाकरले. कॉम्प्युटरला काहीच ऐकू जात नाही, हे मला नीट माहीत आहे. ऐकणारी होती ती दारात उभी असलेली आई, आणि मी. तरी मोठ्यानंच बोलले.

"छान झालंय, अण्णा. त्या दिवशी मी खोटं बोलले. मला वेळ होता."