देवकाच्या पोटात डोकावलेले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, पितळी कड्यातले, मुठीत मावणारे. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे आणि मधोमध एक ओरखडा आहे. त्यामुळे माझ्यातून पाहणाऱ्याला प्रत्येक किड्याच्या अंगावर एक जास्तीची रेघ दिसते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. काच घासणाऱ्या चाकाच्या घरघरीशिवाय तिथले मला काही आठवत नाही. कंपालातल्या एका दुकानातून मला कड्डू नावाच्या गृहस्थांनी घेतले. ते कॉफीच्या मळ्यांची पाहणी करत. फांदी पोखरणारा बारीक किडा शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. शेतकरी माझ्यातून पाहत आणि किड्याच्या पायांवर केस आहेत हे बघून हसत सुटत. तेव्हा मला फार मान होता. पुढे कड्डू थकले आणि त्यांनी मला मसाकाजवळच्या गावात राहणाऱ्या आपल्या भाचीच्या, तेओपिस्ताच्या, हाती दिले. ती तेव्हा शाळेत जाणारी, उंच, अबोल मुलगी होती.

मित्रांनो, त्या मुलीसारखे मला कुणी वापरले नाही. मासळीच्या रिकाम्या डब्यात तिने मेणबत्तीचे मेण वितळवून ओतले होते. टाचण्या म्हणून लिंबाचे काटे आणि सुरी म्हणून अर्धे ब्लेड. झुरळ असो की गांधीलमाशी, ती पाण्याखाली हळूच उघडायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, ‘डोकं, छाती, पोट.’ जेवायला बसण्याआधी आई तिला दोनदा हात धुवायला लावी. वडील मुगालुला मात्र पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "ही आमची किड्यांची डॉक्टरीण."

पण नाकतोडा हे त्या घराच्या कुळाचे देवक होते. हिरव्या नाकतोड्यांचे थवे उतरले की सारे गाव पोती घेऊन धावते, पंख-पाय खुडून, कांदा घालून ते परतते. मुगालुलांच्या चुलीवर ते कधी चढत नाहीत. अंगणात एखादा आलाच, तर त्याला पानावर उचलून केळीच्या बागेत सोडतात.

त्या वर्षी थवे उतरले आणि शाळेतल्या नामुबिरू बाईंनी शिकवण्यासाठी नाकतोडाच निवडला. तो मोठा असतो आणि त्या दिवसांत हवा तेवढा मिळतो. सगळ्यांत सफाईदार हात तेओपिस्ताचा, म्हणून बाईंनी तिलाच पुढे बोलावले. तिचे देवक कोणते, ते त्यांना माहीत नव्हते. तिने नाही म्हणायला हवे होते, असे पुढे सगळे म्हणाले. मी तिच्या हातात होते. ती घाबरली होती की उत्सुक होती, हे मला आजही सांगता येत नाही.

तिने पोट उघडले. आत श्वासाच्या नळ्या चांदीच्या तारांसारख्या चमकत होत्या. त्यांच्याखाली अंडी होती, तांदळाच्या बारीक कण्यांसारखी, दाटीवाटीने बसलेली. सारा वर्ग माझ्याभोवती जमला. इतके स्वच्छ काम आपण पाहिले नाही, असे बाई म्हणाल्या. त्या घटकेला तेओपिस्ता आपण कोणत्या कुळातली, हे विसरून गेली होती.

त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या आत्याचे, एडिसाचे, मूल पोटातच गेले. लग्नानंतर किती वर्षांनी तिला दिवस राहिले होते. पाणवठ्यावर कुणीतरी म्हणाले की अंड्यांनी भरलेली मादी फाडली त्या पोरीने, मग दुसरे काय होणार? ते बोलणे संध्याकाळच्या आत घरी पोचले. मुगालुलांनी मुलीवर हात उगारला नाही. त्यांनी मला एका डब्यात घातले, डबा कॉफीच्या कोठारात छताच्या पत्र्याखाली खुपसला आणि या घरात किड्यांचे नाव निघणार नाही, एवढेच सांगितले.

तिथे मी तापत राहिले. काचेवर बुरशी धरली. खालून येणारे आवाज तेवढे मला कळत. तेओपिस्ता धड जेवत नव्हती. आत्याच्या दारापर्यंत जाऊन माघारी येत होती, असे तिची आई शेजारणीला सांगत होती.

मग एका दुपारी एडिसाच कोठारात आली. मागोमाग तेओपिस्ता.

"काढ ते भिंग."

"सेंगा, तातांनी नको म्हटलंय." आत्याला ती सेंगा म्हणे आणि वडिलांना ताता.

"दादाला मी बघते. तू काढ."

तेओपिस्ताने मला खाली काढले आणि ती आत्यापुढे गुडघ्यांवर बसली. मान वर न करता तिने विचारले, "सेंगा, माझ्यामुळे झालं का गं?"

एडिसा तिच्याजवळ खाली बसली. "दवाखान्यातल्या बाई म्हणतात, रक्तदाबामुळे झालं. सकाळी मला ते पटतं. संध्याकाळ झाली की पटत नाही. खोटं कशाला सांगू तुला?"

पोर हुंदके देऊ लागली. एडिसाने तिला रडू दिले. मग म्हणाली, "त्या नाकतोड्याच्या आत काय बघितलंस, ते मला दाखव."

"मी आता नाही कापणार."

"कापायला कोण सांगतंय? नुसतं दाखव."

बागेत केळीच्या पानावर एक नाकतोडा बसला होता. एडिसाने मला त्याच्यावर धरले. तेओपिस्ता हलक्या आवाजात सांगू लागली. याचे कान पुढच्या पायांवर असतात. पोटाच्या कडेला ही बारीक भोके, त्यांतून हवा आत जाते. नाकतोड्याचे पोट फुगत होते, बसत होते. एडिसा ते पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचेवर पडले. मूल गेल्यापासून ती रडली नव्हती. नाकतोडा उडून गेला, तरी दोघी तिथेच बसून होत्या.

मुगालुलांच्या देखत एडिसाने मला पुन्हा मुलीच्या हाती दिले. त्यांनी अडवले नाही. पण ‘किड्यांची डॉक्टरीण’ हे शब्द त्या घरात परत ऐकू आले नाहीत. तेओपिस्ताने नामुबिरू बाईंना सारे सांगितले. आता बाई किडा हाती देण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचे कूळ विचारतात. तेओपिस्ता पुढे कीटकशास्त्र शिकायला कंपालाला गेली. एडिसाला मूल झाले नाही. भाचीवर तिची माया आहे, पण थवे उतरतात त्या दिवसांत ती तिला घरी बोलावत नाही, आणि तेओपिस्ताही जात नाही.

मित्रांनो, भिंग मऊ फडक्यात ठेवा, पत्र्याखाली तापू देऊ नका. एखाद्या जिवाच्या आत डोकावायचे तर जरूर डोकावा, पण तो कुणाचा कोण लागतो, हे आधी विचारा. आणि कधी सगळे गाव एखाद्या पोरीकडे बोट दाखवू लागले, तर तिच्या शेजारी जाऊन बसा, स्वतःच्या मनातले सारे फिटलेले नसले तरी.