अंतराळातला आडोसा

मित्रांनो, मी अंतराळयानासाठी बनवलेला पहिलावहिला नमुना शौचकूप. आता जुना झालो आहे. माझा जन्म बीड जिल्ह्यातल्या कडा या गावी, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाला.

मला घडवणारी अंतराळ संस्थेतली इंजिनिअर कडूबाई इथल्याच एका मेंढपाळाची मुलगी; तो या कारखान्याचा सभासदही होता. अंतराळात वजन नसतं. तिथे मलमूत्र खाली पडत नाही, तरंगत राहतं. ते पंख्याच्या हवेनं ओढून घ्यावं लागतं. पण ओढलेल्या हवेतून लघवी वेगळी कशी करायची, इथे तिचं काम अडलं होतं. अंतराळवीरांना लंगोट बांधूनच पाठवू, असं वरिष्ठ म्हणू लागले. कडूबाईला ते पटेना. आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत कळ सोसणाऱ्या बायका तिनं लहानपणी पाहिल्या होत्या.

त्या वर्षी दुष्काळ होता. ऊस नव्हता, कारखाना बंद होता. गावी आलेल्या कडूबाईला तिथलं साखरेतून मळी झटकणारं फिरतं पिंप दिसलं आणि उपाय सुचला. तिनं वर्कशॉप मागितलं तेव्हा संचालक हसले. चेअरमन सुंदरराव मात्र म्हणाले, "सभासदाची लेक हाय. किल्ली द्या तिला."

तसंच छोटं पिंप माझ्या पोटात बसलं. ते गरगर फिरलं की लघवी कडेला जायची, हवा मधून सुटायची. आधी मी गळलो, मग तुंबलो. कडूबाईनं नाक न मुरडता मला धुऊन पुन्हा जोडलं. पुढे वजन क्षणभर नाहीसं करणाऱ्या विमानात माझी परीक्षा झाली. एक थेंबही बाहेर आला नाही!

यानात पाणी मोजकंच, म्हणून कडूबाईनं लघवी गाळून पिण्याचं पाणीही केलं; आता ते पिऊन बघायचं उरलं. तपासणीत ते शुद्ध ठरलं होतं, पण कड्याला आलेल्या साहेबांपैकी कुणी पेल्याला हात लावेना. कडूबाईची आई साखराबाई पुढे झाली. कशाचं पाणी आहे, ते लेकीनं तिला सांगितलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तू गाळलंयस न्हवं?"

तिनं पेला रिकामा केला. टँकरच्या पाण्यापेक्षा हे लई गोड, असंही सांगितलं. मग साहेबांनीही पेले उचलले.

माझ्यासारखाच दुसरा शौचकूप यानातून वर गेला. परतल्यावर त्या यानातल्या अंतराळवीर बाई कड्याला आल्या आणि भर सभेत कडूबाईला म्हणाल्या, "वर मला एकदाही संकोच वाटला नाही." त्या दिवशी हंगाम नसताना कारखान्याचा भोंगा वाजला.

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या शौचालयाची कडी लागते का, ते आजच बघा. वापरल्यावर पाणी टाका. आणि ते धुणाऱ्या माणसाला नावानं हाक मारा.